पावसाळ्यात खिडकी उघडावी की पंखा लावावा? बडोद्याच्या घरांतल्या ओलीचा हिशेब

श्रावण लागला की बाबांचा तबला उतरतो. संध्याकाळी हातोडीने ठोकून सुरात आणावा, तर सकाळी पुन्हा खाली. चामडं हवेतलं पाणी पितं आणि सैल पडतं, त्याला इलाज नाही असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आई सकाळी उठल्याबरोबर दारं-खिडक्या सताड उघडायची. वारा खेळू दे, ओल निघून जाईल, म्हणायची. ओल जात नसे. गणपती येईपर्यंत कपाटाच्या पाठीवर हिरवट ठिपके आणि ट्रंकेत कुबट वास ठरलेला.

लग्नानंतर मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये आले. इथे सगळं उलटं होतं. खिडक्या घट्ट बंद, न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन, दोन खोल्यांना एसी. तरीही चादरी ओलसर लागायच्या. दोन्ही घरांत चूक एकच होती. हवेत पाणी किती आहे, हे कोणीच मोजत नव्हतं. मोजायला लागल्यावर कळलं की खिडकी आणि पंखा यांतलं एक निवडायचं नसतं. प्रत्येकाची जागा आणि वेळ ठरलेली असते. ती कशी ओळखायची, ते मी केलं त्याच क्रमाने सांगते.

आधी आर्द्रतामापक आणा आणि तो खरं बोलतो का ते तपासा

तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल मापक चार-पाचशे रुपयांत मिळतात. दोन घ्या. एक झोपायच्या खोलीत, एक स्वयंपाकघराजवळ. भिंतीला, खिडकीला, टीव्हीला खेटून ठेवू नका. माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा.

स्वस्त मापक पाच-सात टक्के सहज चुकतो, म्हणून मिठाची चाचणी करायची. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या आणि त्यावर पाण्याचे थेंब टाका, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. मीठ विरघळून पाणी झालं तर जास्त झालं. ते झाकण आणि मापक चेनच्या प्लास्टिक पिशवीत एकत्र ठेवून पिशवी बंद करा, रात्रभर हलवू नका. ओल्या मिठावरची बंद हवा आपल्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मापक ७५ दाखवत असेल तर उत्तम. माझा एक ८१ दाखवत होता. त्याच्या पाठीवर मी पट्टी चिकटवली आहे, “६ वजा करा”. फेकायची गरज नाही.

टक्के पाहू नका, दवबिंदू पाहा

सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू. आपण ज्याला आर्द्रता म्हणतो ती सापेक्ष असते, म्हणजे त्या तापमानाच्या हवेत मावू शकेल त्यातली किती वाफ भरली आहे. आणि गरम हवेत जास्त वाफ मावते. एक घनमीटर हवेत २० अंशांना साधारण १७ ग्रॅम, ३० अंशांना ३०, तर ४० अंशांना ५१ ग्रॅमपर्यंत. त्यामुळे दोन वेगळ्या तापमानांच्या हवांचे टक्के समोरासमोर ठेवून काही कळत नाही.

दवबिंदूचं तसं नाही. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातलं पाणी सुटू लागेल, तो आकडा. ज्या हवेचा दवबिंदू जास्त, तिच्यात पाणी जास्त, मग ती गरम असो की गार. बाहेरचा दवबिंदू मोबाइलवरच्या बऱ्याच हवामान ॲपमध्ये ‘ड्यू पॉइंट’ म्हणून लिहिलेला असतो. आतला आपण काढायचा. शंभरातून आर्द्रतेचे टक्के वजा करा, उरलेल्याला पाचने भागा आणि तो आकडा तापमानातून वजा करा. हा ठोकताळा आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असतानाच चालतो. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तो साफ चुकतो, तेव्हा ॲपवरच विसंबा.

आता एक सकाळ घेऊ. ऑगस्ट महिना, रात्रभर पाऊस पडून थांबलाय, बाहेर २६ अंश आणि ९५ टक्के. दवबिंदू २५. रात्री एसी चालून गेलेल्या खोलीत २८ अंश आणि ६५ टक्के. दवबिंदू २१. बाहेरची झुळूक गार लागते, अंगाला बरी वाटते, म्हणून हात खिडकीकडे जातो. पण त्या झुळुकीच्या प्रत्येक घनमीटरमध्ये खोलीतल्या हवेपेक्षा पाच ग्रॅमहून जास्त पाणी आहे. अर्धा तास खिडकी उघडी राहिली की गादी, उशा, पुस्तकं आणि कपाटातले कपडे ते पाणी शोषून घेतात आणि रात्रभराची एसीची मेहनत वाया जाते. फरशी एसीने गार झालेली असेल तर तिला घामच फुटतो. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हे एसीशिवायही पाहिलं असेल, कारण जमिनीलगतची फरशी मुळातच गार असते.

एसी नसलेल्या घराचा हिशेब वेगळा. तिथे माणसं, चूल आणि ओले कपडे सतत वाफ सोडत असतात, त्यामुळे आतला दवबिंदू बहुतेक वेळा बाहेरच्यापेक्षा एक-दोन अंश वरच असतो. अशा घरात खिडकी उघडणंच बरोबर. आई चुकत नव्हती. पण खिडकीने घर फार तर बाहेरइतकं कोरडं होतं, त्याखाली जात नाही, आणि श्रावणात बाहेरच पाणी भरलेलं असतं. म्हणून वारा खेळूनही ट्रंकेचा वास जात नव्हता.

नियम एवढाच ठेवा: आतला दवबिंदू बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तर खिडक्या उघडा. कमी असेल तर बंद. सारखा असेल तर वाऱ्यासाठी हवं ते करा, ओलीत फरक पडणार नाही.

भिंतीत पाणी आहे का, ते बघून घ्या

पंखे आणि मशीनवर पैसे घालण्याआधी ही चाचणी करा. ओल्या डागावर हातभर ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिक लावा, चारही कडा चिकटपट्टीने नीट बंद करा आणि दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला दमटपणा दिसला तर पाणी हवेतलं आहे. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. गच्चीची गळती, फुटका पाइप, बाहेरच्या प्लास्टरची भेग किंवा पायातून चढणारी ओल, यांतलं काहीतरी. पांढरा क्षार फुटला असेल तर बहुतेक वेळा हेच. अशा भिंतीला खिडकी किंवा पंखा लावून काही होत नाही, आधी गळती बंद करा. आमच्याकडे नैऋत्येकडून पाऊस झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंतीवर मी आधी संशय घेते.

वाफ जिथे होते तिथूनच हाकला

घरात किती पाणी तयार होतं, याचा आपल्याला अंदाज नसतो. झोपलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला चाळीस ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चार माणसं, आठ तास, म्हणजे सव्वा लिटर. पाच किलो कपडे मशीनने कडक पिळले तरी त्यांत दोन-अडीच लिटर पाणी उरतं आणि ते घरात वाळत घातले तर सगळं घरातच जातं. गॅस जळतानाही पाणी होतं. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. १४.२ किलोच्या सिलिंडरमागे बावीस लिटर! सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर रोज अर्धा लिटर, भाताच्या आणि डाळीच्या वाफेखेरीज. बडोद्यात अनेक घरांत पाइपचा गॅस आहे. त्याच्या एका घनमीटरमागे सुमारे दीड लिटर.

एक्झॉस्ट फॅनचं खरं काम इथे आहे. ही वाफ घरभर पसरण्याआधी, दाट असतानाच बाहेर काढायची. न्हाणीघराची वाफ पावसाळ्यातही बाहेरच्या हवेपेक्षा ओली असते, म्हणून हा पंखा बारा महिने उपयोगी पडतो.

मापाचं बघा. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा. न्हाणीघराला ताशी दहा वेळा आणि स्वयंपाकघराला पंधरा वेळा हवा बदलेल इतका पंखा हवा. दहा घनमीटरच्या न्हाणीघराला ताशी १०० घनमीटर पुरे, सहा इंची पंखा ते आरामात करतो. वीस घनमीटरच्या स्वयंपाकघराला ३०० लागतात, तिथे नऊ इंची घ्या. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे लांब पाइप किंवा दोन वळणं असतील तर बराच घटतो, म्हणून थोडा मोठाच घ्यावा. पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असावा, म्हणजे आत साचलेलं पाणी पंख्यावर परत येत नाही.

पंख्याला हवा आत यायलाही वाट लागते. न्हाणीघराचं दार खाली दीड-दोन सेंटिमीटर मोकळं हवं, नाहीतर पंखा नुसता गुरगुरतो. स्वयंपाकघरात पंख्याशेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर तो तिथूनच हवा ओढतो आणि तिथूनच फेकतो, शेगडीवरची वाफ जागची हलत नाही. ती खिडकी बंद करा आणि समोरच्या बाजूचं दार उघडं ठेवा. पाइप नसलेली, आतल्या आत हवा फिरवणारी चिमणी तेल आणि वास धरते, वाफ धरत नाही. चिमणीचा पाइप घराबाहेर निघालेला आहे ना, एकदा डोळ्यांनी बघा.

मी डोळ्यांनी बघायला दोन वर्षं लावली. आमच्या न्हाणीघरातला पंखा वाजायचा व्यवस्थित. एके दिवशी कोणाकडून तरी ऐकून टिश्यू पेपरचा एक पदर त्याच्या जाळीला लावला. पंखा ओढत असेल तर कागद चिकटून राहतो. माझा कागद हळूच खाली पडला. स्टुलावर चढून जाळी काढली, तर मागच्या झडपांच्या पट्ट्यांवर कारखान्यातली चिकटपट्टी तशीच! लावणाऱ्याने ती काढलीच नव्हती. पट्टी सोलून काढली, पट्ट्यांवरचा साबणाचा थर जुन्या ब्रशने घासला आणि कागद फाटकन चिकटला. तुमच्याकडे आज संध्याकाळीच हे करून बघा, मिनिटभराचं काम आहे.

अंघोळीनंतर भिंती आणि फरशी वायपरने निपटा, दार लावा आणि पंखा वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवा. लक्षात राहत नसेल तर टायमरचा स्विच बसवून घ्या. पावसाळ्यात कपडे घरातच वाळवावे लागले तर तेही याच न्हाणीघरात किंवा पंखा असलेल्या मोरीत वाळवा, दार बंद करून. बैठकीत दोरी बांधून नको.

एक धोका मात्र ठळक सांगते. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर तिथे एक्झॉस्ट फॅन लावून भागवू नका. पंखा हवा ओढतो तेव्हा गीझरचा धूर वर जाण्याऐवजी खोलीत उलटा येऊ शकतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हलवा. पंख्याचा विचार त्यानंतर.

पंखा दिवसभर का चालवू नये

पंखा जितकी हवा बाहेर फेकतो तितकीच कुठून तरी आत येते. एसी चालू असताना जोडून असलेल्या न्हाणीघराचा ताशी १५० घनमीटरचा पंखा रात्रभर चालला, तर फटींमधून तेवढीच श्रावणातली हवा खोलीत ओढली जाते. बाहेर घनमीटरमागे २४ ग्रॅम पाणी आणि आत १३, म्हणजे तासाला दीड लिटरहून जास्त पाणी तुम्हीच आत आणता. आमच्या चादरी ओलसर लागण्याचं कारण हेच निघालं. पंखा आता कामापुरता चालतो.

ताज्या हवेसाठी संपूर्ण घराला वायुवीजनाची यंत्रणा बसवावी का, असं नव्या बंगल्यांचे मालक हल्ली विचारतात. तिच्यात एका बाजूने गाळलेली हवा आत येते, दुसरीकडून जुनी बाहेर जाते आणि मध्ये दोन्हींची देवघेव होते. घर घट्ट बंद असेल, रस्त्यावरची धूळ आणि आवाज नको असेल, तर ती चांगली गोष्ट आहे. पण ती घर कोरडं करते, हा समज सोडा. दोन माणसांना ताशी ६० घनमीटर ताजी हवा दिली तर पावसाळ्याच्या एका रात्रीत पाच लिटर पाणी आत येतं. त्यातही दोन प्रकार आहेत. एक फक्त उष्णतेची देवघेव करतो, त्यात हे पाच लिटर जवळपास जसेच्या तसे येतात. दुसरा वाफेचीही देवघेव करतो आणि येणारं पाणी निम्म्याच्या आसपास अडवतो. आपल्या हवेत घ्यायचाच तर दुसरा घ्या आणि उरलेलं पाणी काढायला एसी किंवा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत जमा करणारं मशीन, लागणार हे धरून चला. माझं मत विचाराल तर साध्या फ्लॅटला ही यंत्रणा नको. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो, त्यामुळे झोपायच्या खोलीचं दार बोटभर उघडं ठेवलं आणि दिवसातून एकदा दवबिंदू सर्वांत कमी असताना दहा मिनिटं आरपार खिडक्या उघडल्या, की पुरतं.

एसी वापरताना ड्राय मोड किंवा २६ अंश आणि एसीचा पंखा ‘ऑटो’वर ठेवा. पंखा सतत चालू ठेवला तर कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. लहान खोलीला फार मोठा एसी घेतला तर खोली झटकन गार होऊन तो बंद पडतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. ड्रेन पाइपखाली एकदा रात्रभर बादली ठेवा. आमच्या बादलीत सकाळी सहा लिटरच्या वर पाणी होतं. ते सगळं आधी आमच्या खोलीतल्या हवेत होतं.

सगळं घर नको, एक खोली कोरडी करा

इतकी वर्षं मोजून मी या निर्णयाला आले आहे. श्रावणात अख्खं घर साठ टक्क्यांखाली ठेवण्याचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपत नाही आणि गरजही नाही. राहत्या खोल्यांत सीलिंग फॅनचा वारा आणि दवबिंदूप्रमाणे खिडकी, ओल्या भागात एक्झॉस्ट. जपायच्या वस्तू मात्र एका लहान खोलीत आणा. आमच्या त्या खोलीत आईची लुगडी आणि शालू, पुस्तकं, दस्तऐवज, फोटोंचे अल्बम आणि बाबांचा तबला आहे. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की तिची खिडकी बंद होते, दाराखालच्या फटीत पायपुसणं सरकवलं जातं आणि डिह्युमिडिफायर सुरू होतो.

मशीन ५५ टक्क्यांवर लावा. पृष्ठभागाजवळची हवा ऐंशी टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, तिथपासून भरपूर अंतर राहतं. खोक्यावरचे लिटर गरम, अतिदमट हवेत मोजलेले असतात. साठ टक्क्यांजवळ आल्यावर तेच मशीन निम्मंच पाणी काढतं, म्हणून बारा लिटरचं लहान खोलीला ठीक, मोठ्या खोलीला वीसचं. मशीन खोली दोन-तीन अंशांनी गरम करतं, तेव्हा तिथे झोपायचा बेत करू नका. टाकी भरली की ते थांबतं. नळी लावून पाणी मोरीत सोडता आलं तर रोजची कटकट वाचते. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि अगदी गच्च भरू नका. ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घातला तर कसर लागत नाही म्हणतात, पण तो पाला वाळलेलाच घाला. ताजा पाला स्वतःच ओल सोडतो.

पुराचं पाणी येऊन गेलेलं घर

३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलीमीटर पाऊस पडला आणि ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा वस्त्यांत शिरली. अशा घरांच्या भिंती महिनोन्‌महिने ओल्या असतात. वीटकाम इंचाला महिना या जुन्या ठोकताळ्याने वाळतं, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वेळ द्यावा लागतो. पोपडे आलेलं प्लास्टर काढा, भिंत उघडी ठेवा आणि पाऊस आहे तोवर बंद खोलीत डिह्युमिडिफायर चालवा. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट घाईने लावला तर पाणी आत कोंडलं जातं आणि पुढच्या वर्षी पोपडे येतात. आधी चुना लावा, तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

उन्हाळा, हिवाळा आणि ऑक्टोबर

उन्हाळ्यात कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी हवीच, नाहीतर तो खोलीत पाणी कोंडतो. बाहेरचा दवबिंदू विशीच्या वर सरकला की कूलर आवरून ठेवा. हिवाळ्यात काहीच अवघड नाही. बाहेर १३ अंश आणि ७० टक्के असताना दवबिंदू सातच्या आसपास असतो, घरात पंधरा. सकाळी पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की काम झालं.

सर्वांत महत्त्वाचे दिवस पाऊस परतल्यानंतरचे. ॲपवर दवबिंदू विसाच्या खाली उतरला की डिह्युमिडिफायर बंद करा आणि सकाळी दहाच्या सुमारास घरातली प्रत्येक खिडकी उघडा. कपाटं रिकामी करा, गाद्या, गोधड्या आणि सुती कपडे गच्चीवर टाकून त्यांना खणखणीत ऊन दाखवा. रेशीम आणि पुस्तकं सावलीतच, वाऱ्याला ठेवा, आणि पुस्तकं उभी करून पानं थोडी फाकवा. दुपारी चारच्या आत सगळं आत घ्या, गार झाल्याशिवाय घड्या घालू नका. तबलाही बाहेर काढायचा, पण उन्हात नाही. चामडं एकदम वाळलं की फाटतं. आमच्याकडे तो ओसरीच्या सावलीत दोन दिवस ठेवतात आणि बाबा तिसऱ्या दिवशी हातोडी घेतात.